मुक्याचं घर

आमच्या गावात पत्ता सांगायची एक रीत होती. "मारुतीच्या देवळापासनं उजवीकडं वळा, म्होरं मुक्याचं घर लागंल, त्येच्या पल्याड तिसरा उंबरा." ते मुक्याचं घर आमचं. सांगोला तालुक्यातलं कोरडवाहू गाव. आप्पा जन्मापासून बहिरे. आई दोन वर्षांची असताना मोठ्या तापात तिचे कान गेले. आप्पा शिवणकाम करायचे, आई रोजानं जायची. आम्ही तीन भावंडं, तिघंही ऐकणारी. लोक आमच्याकडं बघून चुकचुकायचे. "पोरांची दैना हाय बाबा, आईबापाशी दोन शब्द बोलता येत न्हाईत."

हे खोटं होतं. गल्लीतल्या कुठल्याही घरापेक्षा आमच्या घरात जास्त बोलणं व्हायचं. खरं मुकं घर दुसरंच होतं, आणि त्याची कीव कुणी केली नाही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला शेवटपर्यंत ताटकळावं लागणार नाही. बहिरेपणानं आईबाप आणि लेकरं तुटत नाहीत. घरात दोघांची मिळून एक भाषा नसली की तुटतात. आणि ती भाषा आणायची जबाबदारी ज्याला ऐकू येतं त्याची आहे, कारण बहिऱ्याला कान आणता येत नाहीत, पण ऐकणाऱ्याला हात हलवता येतात.

आमच्या घरी बोलणं म्हणजे काय होतं ते सांगतो. बहिऱ्या माणसाला बोलायला उजेड लागतो, हे शहरातल्या लोकांच्या लक्षात येत नाही. आमच्याकडं वीज यायची ती जायलाच. दुसऱ्या घरांत लाईट गेली की लोक ओट्यावर अंधारात गप्पा मारत बसायचे, आमच्याकडं मात्र चिमणी पेटायची. रेशनचं निळं रॉकेल इतर घरांत चुलीला आणि स्टोव्हला जायचं, आमच्याकडं निम्मं बोलण्यात जळायचं. आई चिमणी मधे ठेवायची, आम्ही भोवती बसायचो, आणि मग दिवसभराचं सगळं निघायचं. कुणाची शेळी कुणाच्या रानात शिरली, बाजारात कांद्याचं काय झालं, पुढच्या बिऱ्हाडात सासू-सुनेचं कशावरनं बिनसलं. आई तर नुसत्या चेहऱ्यावरनं अख्खी गल्ली वाचायची. आम्ही कानानं ऐकून आणलेली बातमी ती आधीच डोळ्यांनी घेऊन बसलेली असायची.

प्रत्येक माणसाला हातानं घ्यायचं नाव होतं. सरपंच म्हणजे मिशीला पीळ. ग्रामसेवक म्हणजे खिशातला पेन. आत्या म्हणजे गालावरचा तीळ. आप्पांचं नाव दोन बोटांची कात्री. माझं नाव कानाची पाळी ओढणं, कारण लहानपणी मी रडायला लागलो की स्वतःचा कान ओढायचो. आईनं मला जन्मभर त्याच नावानं हाक मारली. हाक म्हणजे तरी काय, सारवलेल्या जमिनीवर पाय आपटून उपयोग नसतो, म्हणून ज्वारीचा एखादा दाणा टाकायचा, पदर ओढायचा, नाहीतर समोर जाऊन हात हलवायचा. आम्ही तान्हे होतो तेव्हा आई झोळीची दोरी मनगटाला बांधून झोपायची. पोर हललं की दोरी हलायची आणि ती उठायची. गल्लीतल्या बायका सांगतात, तुझी आई आमच्याआधी उठायची.

आत्याला मात्र काळजी. "ह्या पोराला बोलता कसं येणार? माझ्याकडं धाडा." तिच्या प्रेमाला मी नाव ठेवत नाही, पण तो हिशेब चुकीचा होता. ऐकणाऱ्या पोराला बोलणं गल्लीतनं, शाळेतनं, आजीकडनं, रेडिओवरनं आपोआप येतं. मला आलं. आम्हा तिघांनाही आलं. वर हातांची एक भाषा जास्तीची मिळाली. बहिऱ्या आईबापांची ऐकणारी लेकरं जगात सगळीकडं अशीच दोन भाषांत वाढतात. त्यांना कुणाच्या घरी धाडायची गरज नसते.

आता दुसरं घर. आमच्या चुलत्यांचं, तात्यांचं. बागाईत जमीन, डाळिंबाची बाग, गावातला दुसरा ट्रॅक्टर. त्यांचा थोरला मुलगा बहिरा. मी त्याला दादा म्हणतो. तात्या-काकूंनी त्याच्यावर जीव टाकला, यात तिळभर खोट नाही. भाकरीवर तूप पहिल्यांदा त्याच्या. दिवाळीला कपडे पहिल्यांदा त्याला. दवाखाने झाले, अंगारे झाले, नवस झाले. एक गोष्ट तेवढी झाली नाही. त्या घरातल्या सात माणसांपैकी एकानंही त्याची भाषा शिकली नाही. घरात चालायच्या त्या दहा-बारा खुणा. जेव, झोप, चल, थांब, गुरं आण, पैसे, मारीन, चांगलं, वाईट. एवढ्यावर एक माणूस वाढवला. गुरं याच्यापेक्षा फार कमी खुणांवर वाढत नाहीत.

दादा आठव्या वर्षी जिल्ह्याच्या एका निवासी शाळेत गेला. वर्गात हात हलवला की पट्टी बसायची, कारण मास्तरांचं ध्येय त्याला 'बोलतं' करायचं. आरशासमोर बसून प-फ-ब-भ घोटायचं, गळ्याला हात लावून थरथर बघायची. आठ वर्षांत त्याला 'आई', 'पाणी' आणि स्वतःचं नाव अशा धाटणीचे काही शब्द आले, तेही घरच्यांनाच कळतील असे. पण रात्री व्हरांड्याच्या बल्बखाली पोरं एकत्र जमली की तिथं खरी शाळा भरायची. मोठी पोरं लहानांना हातांनी सगळं शिकवायची. शिव्या, सिनेमाच्या गोष्टी, देव, भूतं, घरच्या आठवणी. भाषा त्याला मास्तरांनी दिली नाही, सोबतच्या पोरांनी दिली. उन्हाळी सुट्टी लागली की सगळ्या वसतिगृहातली पोरं घरी पळतात. दादा एस.टी.त बसताना रडायचा. काकूंना वाटायचं, पोराला शाळेची गोडी लागली. गोडी कसली? सुट्टी म्हणजे त्याला दोन महिने गप्प बसायची शिक्षा होती. घरी आल्यावर दिवस मावळला की तो आमच्याकडं येऊन बसायचा आणि आप्पांशी मध्यरात्रीपर्यंत बोलायचा. काकू कधी कधी दारात उभ्या राहून बघायच्या. "एवढं काय बोलत असतंय हो ह्ये?" आईला विचारायच्या, आणि आईला त्यांचं विचारणं ऐकू यायचं नाही.

तात्या गेले तेव्हा दादा सव्वीस वर्षांचा होता. रात्री छातीत कळ आली, जीपमधनं सोलापूरला नेलं, पहाटे पांढऱ्या कापडात आणलं. घरात रडारड. दादाला कुणी काही सांगितलं नाही. सांगणार कसं? 'झोप' आणि 'वर' या दोन खुणा केल्या. बापाला अग्नी त्यानंच दिला. दहावा झाला, तेरावा झाला. चौदाव्या दिवशी तो आमच्याकडं आला आणि आप्पांना हातानं विचारलं: माझ्या बापाला कुणी मारलं? दोन आठवडे तो त्या मारणाऱ्याला गावात शोधत होता. आप्पांनी त्याला बसवून काळीज म्हणजे काय, रक्त कसं फिरतं, ते कसं अडतं, हे सगळं सांगितलं. तो त्या दिवशी पहिल्यांदा बापासाठी रडला.

मी विचारतो, मुकं घर कुठलं?

ही एका दादाची गोष्ट नाही. बाहेरच्या देशांत झालेल्या पाहण्यांतून एक गोष्ट पक्की झाली आहे: बहिऱ्या मुलांतली दहापैकी नऊ मुलं ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. आमच्यासारखी घरं थोडी, तात्यांसारखी घरं फार. २०११च्या जनगणनेत देशात ऐकू न येणाऱ्यांची नोंद सुमारे ५० लाख आहे. त्यातल्या बहुतेकांच्या घरात भाकरी आहे, माया आहे, पण बोलायला कुणी नाही.

अशा घरात जा आणि बोला, पहिलं उत्तर ठरलेलं. "आम्हाला कळतंय की त्येचं सगळं. बोट केलं की आमी समजतो." भूक लागली हे कळतं. पोट दुखतंय हे कळतं. पण त्याला काल काय स्वप्न पडलं, हे तुम्ही कधी विचारलंय? धाकट्याचं लग्न आधी का ठरलं, हे त्याला सांगितलंय? 'उद्या पाऊस पडला तर परवा पेरू, नाहीतर पुढच्या आठवड्यात' एवढं एक वाक्य त्याच्यापाशी पोचवून दाखवा. घरगुती खुणांत वस्तू सांगता येते, काम सांगता येतं. 'का' सांगता येत नाही. 'जर-तर' सांगता येत नाही. आणि ज्या पोराला कुणी कधी 'का' सांगितलं नाही, ते पोर मोठेपणी तापट झालं, हट्टी झालं की आपण म्हणतो, मुकी माणसं रागीटच असतात. मनातलं बाहेर काढायची वाट तुम्ही लिंपून टाकली, आणि दोष त्याच्या स्वभावाला.

दुसरं उत्तर शिकलेल्यांचं. "हातवारे शिकवले तर तो आळशी होईल, तोंडानं बोलणार नाही." हे आजही पोरांच्या आईबापांना खुर्चीत बसून सांगितलं जातं. हा विचार कुठनं आला ते ऐका. १८८० साली इटलीतल्या मिलान शहरात बहिऱ्यांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथं ठराव झाला की खुणांपेक्षा तोंडी बोलणं श्रेष्ठ, शिकवायचं ते तोंडानंच. ठराव करणारे जवळजवळ सगळे ऐकणारे. बहिऱ्यांना कुणी विचारलं नाही. त्याच दशकात मुंबईत आपल्या देशातली बहिऱ्या मुलांची पहिली शाळा निघाली, आणि पुढं आपल्याकडंही तोच वारा वाहिला. दादाच्या हातावर बसलेली पट्टी मिलानहून निघाली होती. १९६० साली अमेरिकेत विल्यम स्टोकी नावाच्या अभ्यासकानं दाखवून दिलं की तिथल्या बहिऱ्यांच्या खुणा म्हणजे नुसते हातवारे नव्हेत, तिला रचना आहे, ती पुरी भाषा आहे. आणि २०१० साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये त्याच परिषदेनं मिलानचे ठराव नाकारले, खेद व्यक्त केला. खेद वाटायला १३० वर्षं लागली. आमच्या तालुक्यापर्यंत तो खेद अजून पोचलेला नाही.

आपल्या देशातल्या बहिऱ्यांची भाषाही अशीच पुरी आहे. बाई म्हणायचं तर बोट नाकाशी जातं, चमकीच्या जागी. पुरुष म्हणायचं तर मिशीवर. प्रश्नाचा शब्द वाक्याच्या शेवटी येतो: 'तुझं गाव कुठं' असा, 'कुठं तुझं गाव' असा नाही. भुवया, मान, चेहरा हे सगळं व्याकरणात धरलेलं असतं. म्हणून बहिऱ्याशी बोलताना खाली मान घालून चालत नाही. आमच्या आईला बोलताना दुसरीकडं बघितलेलं खपायचं नाही. तोंड फिरवणं म्हणजे तिच्या लेखी बोलणं मधेच तोडणं. निकाराग्वा नावाच्या लहानशा देशात १९७०च्या दशकाच्या अखेरीस बहिऱ्या मुलांना पहिल्यांदा एका शाळेत एकत्र आणलं. मास्तर ओठ वाचायला शिकवत होते, आणि पोरांनी मैदानात, बसमध्ये आपापल्या घरच्या खुणा एकमेकांत मिसळून काही वर्षांत एक नवी कोरी भाषा उभी केली. जगातले भाषेचे पंडित ती बघायला गेले. आमच्या दादाच्या व्हरांड्यात बघायला कुणी आलं नाही एवढंच.

कुणी म्हणेल, आता जमाना बदलला, कानात यंत्र बसतं, ऑपरेशन होतं. मी यंत्राच्या विरोधात नाही. ज्या पोराला कानातल्या यंत्रानं फायदा होतो, त्याला ते मिळालंच पाहिजे. कॉक्लिअर इम्प्लांटचं ऑपरेशन लाखो रुपयांचं, ते केंद्राच्या योजनेतून गरिबाच्या लहान पोरालाही मिळू शकतं, ही चांगलीच गोष्ट आहे. पण ऑपरेशन झालं म्हणजे पोर दुसऱ्या दिवशी बोलायला लागलं असं होत नाही. पुढं वर्षानुवर्षं बोलण्याचा सराव, यंत्राची जुळणी, बॅटरी, दुरुस्ती. आठवड्याला शहराची वारी. एका वारीला आईची एका दिवसाची मजुरी बुडते, वर एस.टी.चं भाडं. तार तुटली, घामानं यंत्र बिघडलं, की महिना महिना ते कपाटात. तोवर पोर कशात बोलणार? मेंदूत भाषा रुजायची ती पहिली चार-पाच वर्षं. त्या वर्षांत कुठली तरी एक पुरी भाषा पोराच्या समोर पाहिजे. यंत्राचा गुण येईल तेव्हा येईल, हात आजच आहेत. हात शिकल्यानं तोंड बंद पडत नाही. आम्ही तीन भावंडं हातानं बोलत वाढलो, आमची तोंडं बंद पडली का? गावात विचारा.

आणि ही वर्षं आपल्याकडं कशात जातात? पोर दोन वर्षांचं झालं तरी बोलत नाही, तर आजी म्हणते, "त्येचा बापबी उशिराच बोलला हुता." मग कुणीतरी सुनेवर घसरतं. ग्रहणात चिरलंस, अमावस्येला विहिरीवर गेलीस. आईच्या डोक्यावर हे पाप ठेवणं पहिल्यांदा बंद करा. बहिरेपणाची कारणं ठाऊक आहेत. गरोदरपणात रुबेला झाला, जन्मल्यावर कावीळ वाढली, मेंदूज्वर झाला, कानाला घातक औषधं दिली गेली. आपल्याकडं मामाची पोर करायची चाल, आणि रक्तातल्या नात्यात लग्नं होत गेली की आनुवंशिक बहिरेपण वर येण्याची शक्यता वाढते. म्हणजे दोष द्यायचाच तर सोयरीक जुळवणाऱ्या आख्ख्या बैठकीला द्या, एकट्या सुनेला नको. रुबेलाची लस आता सरकारी लसीकरणात आहे. तान्ह्याची कानाची तपासणी काही मिनिटांत होते. अंगणवाडी-शाळांत मुलं तपासायला आरोग्य खात्याची पथकं २०१३ पासून फिरतात. पण पथकानं कागदावर लिहिलं 'ऐकू येत नाही', पुढं काय? पुढचा कागद वैद्यकीय प्रमाणपत्राचा. त्याच्या पुढचा एस.टी.च्या सवलतीचा. 'तुमच्या पोराशी बोलायचं असं' हे सांगणारा कागद कुठल्याच टेबलावर नाही.

आता आमच्यासारख्या घरांवर काय येतं तेही सांगतो, नाहीतर वाटेल आमच्याकडं सगळं गोडच होतं. बहिऱ्या आईबापाचं ऐकणारं पोर म्हणजे सरकारला फुकटचा दुभाष्या. मी सातव्या वर्षी तलाठ्यासमोर उभा होतो, आठव्या वर्षी बँकेत. "काय म्हणतोय रे तुझा बाप?" आप्पांना अहो म्हणणारं कुणी नव्हतं, आणि बापाला एकेरीत बोलणाऱ्या माणसाचं बोलणं अदबीनं हातांत आणायचं काम माझं. दहा वर्षांचा असताना आईला एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर माझ्याकडं बघून म्हणाले, "आईला सांग, पिशवी काढावी लागेल." मला पिशवी म्हणजे भाजीची ठाऊक. मी विचारलं, "कसली पिशवी?" खोलीतली माणसं हसली. आई एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिली. तिच्या अंगातलं काय जाणार, हे तिला कुणीतरी बाईमाणसानं नीट बसून सांगायला पाहिजे होतं. ते दहा वर्षांच्या पोराच्या हातांवर टाकलं. याला कुणी क्रूरपणा म्हणत नाही, सोय म्हणतात.

पोरानं आईबापाचं काम करावं, करावंच. पण निरोप्या होणं वेगळं आणि आईच्या शरीराचा, बापाच्या कर्जाचा भार वाहणं वेगळं. अशा घरात बाप हळूहळू पोर होतो आणि पोर बाप होतं. आप्पांनी ते होऊ दिलं नाही. तलाठी कचेरीतनं बाहेर आल्यावर ते मला प्रत्येक वेळी हातानं विचारायचे, मी काय बोललो ते तू पुरं सांगितलंस का? मग म्हणायचे, निर्णय माझा, तू फक्त वाट. पण सगळ्या बहिऱ्या बापांना एवढं बळ कुठनं येणार? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं संवादाच्या व्याख्येत खुणा धरल्या, सांकेतिक भाषा येणारे शिक्षक नेमा म्हणून सांगितलं. तालुक्याच्या कुठल्या दवाखान्यात, कचेरीत, पोलीस ठाण्यात दुभाष्या बसलेला तुम्ही पाहिलाय? माझ्या पाहण्यात नाही.

शहरातल्या वाचकांनाही एक सांगायचं आहे. तुम्ही 'कोशिश' बघून रडलात. १९७२ सालचा तो सिनेमा चांगलाच आहे. गोव्यातल्या बहिऱ्या आईबापांची ऐकणारी लेक दाखवणारा 'खामोशी' १९९६ला आला, त्यातही रडलात. दोन्हींतले आईबाप ऐकणाऱ्या नटांनीच केले, तो मुद्दा बाजूला ठेवू. रडून झाल्यावर किती जणांनी 'नमस्कार, तुमचं नाव काय' एवढं हातानं शिकून घेतलं? आपण कधी 'मुका' म्हणालो, मग 'मूकबधिर', मग 'कर्णबधिर', आता 'दिव्यांग'. तीन वेळा नाव बदललं, पण त्या नावाच्या माणसाशी बोलायची तयारी एकदाही केली नाही. आमच्या आप्पांना कुठल्याच नावाचं दुःख नव्हतं, कारण त्यातलं एकही त्यांना ऐकू येत नव्हतं. त्यांना दुःख व्हायचं ते लोक त्यांच्याकडं न बघता त्यांच्याविषयी बोलायचे त्याचं.

"शिकायचं कुठं?" हे कारण आता उरलेलं नाही. भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत २०१५ साली केंद्र सरकारनं संस्था काढली. तिचा कोश २०२१पर्यंत १० हजार शब्दांचा झाला, आणि शब्दांचे व्हिडिओ फुकट बघता येतात. ज्या मोबाईलवर आपण रात्री अकरापर्यंत रील बघतो, त्याच मोबाईलवर. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत, त्यांत ही नाही. तिला तिथं जागा मिळावी म्हणून बहिरी माणसं मागणी करत आहेत, आणि ती रास्त आहे. पण अनुसूचीची वाट बघत पोर मोठं व्हायचं थांबत नाही.

गावातही होण्यासारखं आहे. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असा नियम आहे. तो मार्चअखेर कसा खर्ची पडतो, हे गावाला ठाऊक आहे. त्यातले थोडे पैसे पंचक्रोशीतल्या एखाद्या भाषा येणाऱ्या बहिऱ्या माणसाला मानधन म्हणून द्या. आठवड्यातनं दोन संध्याकाळी त्यानं शाळेच्या खोलीत बसावं, आणि ज्या घरात बहिरं पोर आहे त्या घरातल्या आईनं, बापानं, आजीनं, चुलतभावंडांनी समोर बसून शिकावं. ज्याला गावानं जन्मभर मुका म्हटलं, तो मास्तर होईल. निवासी शाळांनी पोरं ठेवून घेताना आईबापालाही वर्षातले पंधरा दिवस बोलवावं. पोराला भाषा देऊन मुक्या घरी परत धाडणं म्हणजे पोहायला शिकवून कोरड्या विहिरीत सोडणं आहे.

काही जण म्हणतील, हे बहिऱ्यांचं वेगळं जग कशाला करता, त्यांना आपल्यात आणा. आपल्यात म्हणजे कुठं? जेवणाच्या पंगतीत तो बसलेला असतो, सगळे हसतात, तो विचारतो काय झालं, आणि उत्तर मिळतं, "काय न्हाय, मग सांगतो." हे 'मग' कधी येत नाही. घरात बसलेल्या माणसाला असं वर्षानुवर्षं पंगतीबाहेर ठेवायचं आणि वर म्हणायचं की तो आपल्यातला आहे. बहिरी माणसं एकमेकांत रमतात ती काही ऐकणाऱ्यांचा राग म्हणून नव्हे. तिथं विनोद त्याच वेळी कळतो, म्हणून रमतात. आपल्या घरात तो त्याच वेळी कळायला लागला, तर तीही आपल्या घरात रमतील. आमच्या आईबापांना ऐकणाऱ्या लेकरांचा कधी परकेपणा वाटला नाही. आम्ही त्यांच्या भाषेत भांडायचो, हट्ट करायचो, खोटंही बोलायचो आणि पकडले जायचो.

शेवटी एकच, आणि हे ज्याच्या घरात दोन-तीन वर्षांचं बहिरं पोर आहे त्याच्यासाठी. तुम्ही दवाखान्यात जा, यंत्र बघा, देवाला नवस करायचा असेल तर तोही करा. पण घरातली एखादी शेळी विकली असेल, आणि पोर रिकाम्या दावणीकडं बघत उभं असेल, तर ती कुठं गेली, का गेली, आणि तिच्या पैशातनं काय आणायचं आहे, हे त्याला सांगता येतंय का बघा. येत नसेल तर शिकायला अजून उशीर झालेला नाही.